चौऱ्याऐंशी नंबरचा डाव

रांग हलायचं नाव घेत नव्हती आणि लोर्ना हॅवरकॅम्प एका जागी उभी राहायचं नाव घेत नव्हती. कधी या पायावर भार, कधी त्या पायावर. मध्येच टोपीने वारा घे, मध्येच फोन काढून बघ. पुढच्या बाबागाडीतलं पोरसुद्धा तिच्यापेक्षा शांत बसलं होतं. डोक्यावरच्या निळ्या रुळांवरून रोलर कोस्टर गडगडत गेली की सगळी रांग माना वर करायची. ही बाई मात्र मान खाली घालून फोनच्या काचेत.

"ठेव तो खिशात," तिचा नवरा मर्ल म्हणाला. "बघून बघून झिजेल."

"आठवा डाव लागलाय."

"मग? आपला पोरगा टाकतोय का?"

"अजून नाही. पण उठलाय म्हणे. हात गरम करतोय."

"त्याचा हात गरम होतोय आणि इकडे तुझं डोकं. त्यापेक्षा ते चाक ऐक. मधल्या डब्याचं, डावीकडचं. कुरकुरतंय. वंगण मागतंय बिचारं."

मर्लला हे ऐकू येणारच. ओहायोतल्या सँडस्कीला, सरोवराकाठच्या एका मोठ्या पार्कात, त्याने उभा जन्म पाळणे आणि कोस्टर दुरुस्त करण्यात घालवला होता. एवढं करून माणूस सुट्टीत कुठे जातो, तर दुसऱ्यांचे पाळणे बघायला. लोर्नाचं वेड वेगळं होतं. मार्चमध्ये उत्तरेकडे दारापुढचं बर्फ अजून खरवडायचं असतं, तेव्हा बेसबॉलच्या टीम फ्लोरिडाच्या उन्हात सरावाला उतरतात आणि त्यांच्यामागोमाग त्यांचे भक्त. म्हणून दोघांचा सरळ सौदा ठरलेला: एक दिवस थीम पार्क, एक दिवस मॅच. दरवर्षी हा सौदा सुखाने चालायचा. यंदा मात्र पार्कातही तिचा जीव टांगणीला आणि मैदानातही.

कारण यंदा हेरॉन्सच्या मैदानात तिचा स्वतःचा मुलगा होता.

हेरॉन्स म्हणजे लोर्नाचं माहेरच म्हणा. आठ वर्षांची असल्यापासून ती त्या टीमची टोपी घालून झोपायची. टीम हरली की तिच्या घरात स्वयंपाक अळणी व्हायचा, आणि टीम बहुतेक हरायचीच. अशा बाईच्या पोटी डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, जन्माला यावा, त्याने दहा वर्षं गावोगावच्या लहानसहान टीमांच्या बसमध्ये गुडघे पोटाशी घेऊन काढावीत, आणि अठ्ठाविसाव्या वर्षी हेरॉन्सने त्याला बोलवावं! पक्कं नव्हे हं. 'ये, बघू तरी' अशा बोलावण्यावर. पाठीवर नाव नसलेला, चौऱ्याऐंशी नंबरचा सदरा. ज्यांची जागा पक्की असते त्यांना इतका मोठा नंबर कुणी देत नाही. महिना संपत आला की मॅनेजर अशा पोरांना एकेक करून खोलीत बोलावतो आणि बहुतेकांची बॅग भरली जाते. गॅरेटने आधीच सांगून ठेवलं होतं, "यंदा नाही झालं तर संपलं, आई. मग घरी येतो आणि बाबांच्या हाताखाली पाना धरतो."

तर अशा मुलाला त्या सदऱ्यात चेंडू टाकताना एकदा डोळ्यांनी बघावं, एवढीच लोर्नाची इच्छा होती. आणि नेमकी त्याचीच तिला बंदी होती.

बंदी घातली होती खुद्द गॅरेटने, आणि रागाने नव्हे. शाळेत असताना लोर्ना मैदानात आली की त्याचे चेंडू सैरावैरा व्हायचे. आधी सगळे हसायचे. लहान टीमांत गेला तरी तेच. मग सहा वर्षांपूर्वी ती आयोवातल्या कुठल्याशा गावी रात्रभर गाडी हाकत गेली, आणि त्याने भरकटलेले चेंडू टाकून समोरच्या चार जणांना ओळीने फुकट बेस, म्हणजे न मारताच पुढचं ठाणं, देऊन टाकले, पाचव्याने चेंडू कुंपणाबाहेरच्या मक्यात घातला. त्या दिवशी पार्किंगमध्ये तो तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आई, राग मानू नकोस. पण तू असलीस की माझा हात माझा राहत नाही." बेसबॉलवाले लोक असल्या गोष्टींत भुतंखेतं मानणाऱ्यांपेक्षा वाईट. सलग जिंकत असले तर मोजे धुणार नाहीत, रेषेवर पाय ठेवणार नाहीत. लोर्ना त्यातलीच. तिने वाद घातला नाही, की रडली नाही. आपण पांढऱ्या पायाच्या, हे तिने मुकाट्याने मान्य केलं. त्यानंतर तिने त्याला एकदाही चेंडू टाकताना पाहिलं नव्हतं. रेडिओ, फोनवरचे आकडे, आणि मर्लच्या तोंडून ऐकलेलं.

"आला!" रांगेत ती किंचाळली. बाबागाडीतलं पोर दचकून रडायला लागलं. "मर्ल, आला तो."

आणि नेमकी तेव्हाच रांग हलली. फोन खिशात घाला, पट्टे आवळा, म्हणून कोस्टरवर कामाला असलेल्या पोरी ओरडायला लागल्या. वरच्या उंच वळणावर बाकीचे लोक देवाचं नाव घेत होते. ही हेरॉन्सच्या मॅनेजरचं घेत होती. खाली उतरली तोवर तिची जुनी टोपी उडून कुठल्यातरी तळ्यात गेली होती आणि गॅरेटचा डाव संपला होता. एक धाव दिली, दोन फुकटचे बेस.

"वाईट नाही," मर्ल म्हणाला.

"चांगलंही नाही," लोर्ना म्हणाली, आणि दिवसभर मग तिला कुठल्याच पाळण्यात गंमत वाटली नाही.

बुधवारी हेरॉन्सचे दोन सामने एकाच वेळी होते. मार्चमध्ये असं होतं. अर्धी टीम घरच्या मैदानावर, अर्धी बसमध्ये बसून समुद्राकडच्या कुणाच्या तरी गावी. आणि कोण कुठे, हे कुणी सांगावं लागत नाही. ज्यांच्या पाठीवर नाव असतं ते घरी खेळून दुपारी गोल्फला जातात, बस असते बिननावाच्यांची. तरी लोर्नाने सकाळी खात्री करून घेतली. टीमच्या मागे फिरणाऱ्या बातमीदाराने फोनवर टाकलंच होतं: बसमध्ये चौऱ्याऐंशी नंबर.

"म्हणजे मी इथे बघायला मोकळी," ती म्हणाली.

"मोकळी कसली? तिथे बसून तिकडचं बघत बसशील," मर्ल म्हणाला. तो नव्या लाकडी कोस्टरच्या वाटेवर होता. जाता जाता त्याने आपली कामावरची टोपी काढून तिच्या डोक्यावर ठेवली. भडक नारिंगी, रुळांवरचा माणूस लांबून दिसावा म्हणून असते तसली. "उन्हात डोकं तापवू नकोस. आधीच तापलेलं आहे."

उजवीकडच्या कोपऱ्यातली जागा तिला मिळाली. पिचर लोक जिथे कुंपणाआड हात गरम करतात, त्याच्या जवळची. शेजारी अर्लीन नावाची म्हातारी होती. जवळच राहणारी, पांढऱ्या मलमाने नाक माखलेली, मांडीवर शेंगांची पिशवी. दोन चेंडू पडायच्या आत ओळख झाली.

"काय गं, मुंग्या चावतायत का तुला?" अर्लीन म्हणाली. "मघापासून बघतेय, तुझं बूड काही बाकाला टेकत नाही."

"माझा मुलगा तिकडे गेलाय. बसमधून."

"खेळतो? मग इथे काय करतेस?"

लोर्नाने सांगितलं. दुसऱ्या कुणी ऐकून हसलं असतं. अर्लीनने शेंग फोडायची थांबवली आणि गंभीरपणे मान डोलावली. "बरोबर आहे. माझ्या पहिल्या नवऱ्याला मी स्वयंपाकघरात उभं करायची. तो टीव्हीसमोर आला की आम्ही हरलोच."

"आणि दुसऱ्याला?"

"दुसरा शुभ होता. पण घोरायचा."

लोर्ना हसली खरी, पण डोळे फोनवरच. तिकडच्या सामन्यात पिचर बदलत होते आणि चौऱ्याऐंशी नंबर काही येत नव्हता. का येत नाही? हात दुखावला की काय? की आता गरजच नाही असं ठरलं? पाचवा डाव संपला तशी इकडची नावाजलेली मंडळी बॅगा खांद्याला लावून कुंपणाच्या कडेने निघून गेली आणि लोकही उठायला लागले. बाके रिकामी व्हायला लागली, ऊन सरकलं. लोर्नाने मान वर केली तेव्हा कुंपणाचं फाटक उघडत होतं.

डावखुरा माणूस बाहेर आला. चालताना डावा खांदा किंचित खाली. ते चालणं तिने त्याच्या पहिल्या पावलापासून पाहिलेलं होतं. नंबर वाचायची गरजच नव्हती.

"हा कोण आता?" अर्लीन डोळे बारीक करून म्हणाली. "चौऱ्याऐंशी. पाठीवर नाव नाही... अगं, तुझाच की काय?"

लोर्नाने फोन मांडीवर पालथा घातला. तो मैदानाच्या मधोमध गेला, मातीच्या उंचवट्यावर चढला, पायाने माती उकरली. हेरॉन्सचा सदरा त्याला जरा ढगळ होत होता. एवढं तिने पाहिलं. सहा वर्षांत पहिल्यांदा. आणखी एक चेंडू पाहावा, फक्त एक, असं इतकं मनात आलं की तिने बाक दोन्ही हातांनी घट्ट धरला. मग त्याने मान वळवली आणि सरळ याच कोपऱ्याकडे पाहिलं.

पाहिलं आपल्याला! आता हात गेला त्याचा!

ती उठलीच. "सरका, सरका जरा," करत लोकांच्या गुडघ्यांवरून, शेंगांच्या टरफलांवरून, पायऱ्या दोन दोन चढत वर पळाली. मागून अर्लीन ओरडली, "अगं, निदान एक तरी बघ!" ती थांबली नाही. बाकांच्या मागच्या अंधाऱ्या बोळात, लिंबू सरबताच्या दुकानाआड, ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. शिक्षा केलेल्या पोरासारखी.

डोळे नसले तरी कान होते. आधी हातमोज्यात चेंडू बसल्याचा थप्प आवाज. मग पुन्हा थप्प. मग बॅटचा कडक टणत्कार आणि लोकांचं 'ओऽऽ'. गेला, लांब गेला. तिने कपाळ भिंतीला टेकलं. कुणीतरी पळतोय. थप्प. थप्प. टाळ्या. एक बाद असणार. देवा, त्याच्या हाताला सांभाळ. पुन्हा बॅट, या वेळी बोथट, आणि पाठोपाठ टाळ्या. दोन. सरबतवाली पोरगी म्हणाली, "बरं वाटत नाहीये का मॅडम? पाणी देऊ?" लोर्नाने बोट ओठांवर ठेवलं. थप्प. थप्प. मग बराच वेळ काहीच नाही. का थांबलाय? टाक ना रे बाळा, टाक. आणि मग तो शेवटचा थप्प आला, असा भरीव की बोळात घुमला, आणि पंचाची आरोळी आणि शिट्ट्या.

लोर्ना तिथेच, ओल्या फरशीवर, एकटीच नाचली. सरबतवालीच्या हातात तिने नोट कोंबली आणि सरबत न घेताच निघाली.

अर्लीन पायऱ्यांवर भेटली. "काय पोरगा आहे गं! शेवटचा फलंदाज खांद्यावर बॅट घेऊन पुतळ्यासारखा उभा. चेंडू गेला तरी त्याला पत्ता नाही."

"मी उठले म्हणून," लोर्ना धापा टाकत म्हणाली. "बघितलंस ना? मी उठले, म्हणून झालं."

"असेलही. पण सारखा आपल्याच कोपऱ्याकडे बघत होता. शेवटच्या चेंडूआधी तर इतका थांबला की पंच चिडला." अर्लीनने नाक पुसलं. "मला वाटलं, कुणी पोरगी बसवली असेल इथे."

त्या संध्याकाळी लोर्ना मोटेलच्या पोहण्याच्या तलावाशी पाय पाण्यात सोडून बसली होती, आणि आठवड्यात पहिल्यांदा फोन खोलीत होता. मर्ल लाकडी कोस्टरच्या खिळ्यांबद्दल सांगत होता आणि ती चक्क ऐकत होती. तेवढ्यात फाटकातून गॅरेट आला. खांद्यावर लांबलचक बॅग. दुसरी बॅग हातात.

दोन बॅगा पाहिल्यावर विचारायला काही उरलं नाही. मर्ल उठून उभा राहिला. लोर्नाला मात्र उठता येईना.

"पण तू तर तीन बाद केलेस," ती म्हणाली. "मी ऐकलं ना!"

"केले," गॅरेट म्हणाला. बॅगा ठेवून तो तिच्या शेजारी बसला, बुटांसकट. "पण मला सकाळीच बोलावलं होतं, आई. बस निघायच्या आधी. निकाल तेव्हाच लागला होता."

"मग खेळायला कसं सोडलं?"

"मीच मागितलं. म्हटलं, दहा वर्षं कुणाकडे काही मागितलं नाही. आज एक डाव द्या, पण बसमधला नको, इथला द्या. मॅनेजर भला माणूस. का म्हणून विचारलं त्याने. म्हटलं, माझी आई इथे येणार आहे."

"तुला काय माहीत मी इथे येणार ते? मी तर तू नव्हतास म्हणून…"

"तेच." तो हसला, पण हसू ओठांतच अडखळलं. "मी जिथे नसेन तिथे तू असतेस. सहा वर्षं झाली. त्यात चूक होईलच कशी?"

तलावात कुणाचं तरी पोर उडी मारून गेलं. लोर्नाच्या तोंडावर पाणी उडालं, ते तिने पुसलं नाही.

"फोन करायचास की रे."

"केला असता तर तू आली असतीस? आज चेंडू कुठेही गेला असता तरी काही बिघडणार नव्हतं. असा दिवस मला कधी मिळालाच नव्हता. म्हटलं, आज तिला बघू दे. तो सदरा घातलेला बघू दे. बाबांची ती नारिंगी टोपी तर अख्ख्या मैदानातून दिसत होती." तो पाण्याकडे बघत होता. "मग ती टोपी पायऱ्या चढून जाताना दिसली. म्हटलं, येईल परत. शेवटच्या चेंडूपर्यंत वाट पाहिली."

लोर्नाने तोंडावर हात ठेवला. सहा वर्षं तिने जे दाबून धरलं होतं ते सगळं एकदम बाहेर आलं, आणि ती हमसून हमसून रडली. भिंत बघत होते रे मी, एवढंच तिला पुन्हा पुन्हा म्हणता येत होतं. मुलगा आपल्यासाठी उभा होता आणि आपण सरबताच्या दुकानाची भिंत बघत होतो! गॅरेटने तिला जवळ घेतलं. त्याच्या अंगाला अजून मैदानातल्या मातीचा वास होता, पण सदरा साधा होता, बाजारातला. हेरॉन्सचा त्यांनी परत घेतला होता.

मर्लने बॅगांचे पट्टे सरळ केले. मग म्हणाला, "उद्या पार्कात तीन तिकिटं काढतो. कुणी नाही म्हणू नका."

गुरुवारी गॅरेटला काय करावं ते सुचेना. आईवरच गेलेला पोरगा, रांगेत उभं राहणं त्याला जमेना. दोन रांगा सोडल्या, एकदा बाकावर बसला, उठला, पुन्हा बसला. फोन वाजला की धावत काढायचा; कुठल्या दुसऱ्या टीमचा नसायचा. कोस्टरवरून खाली येताना मर्ल आनंदाने ओरडला आणि हे दोघे मायलेक दोन बाजूंना बघत बसले. लोर्नाला त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. रात्रभर ती या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली होती.

दुपारी ते जुन्या जत्रेसारख्या सजवलेल्या गल्लीत आले. तिथे एका ठेल्यात पत्र्याच्या दुधाच्या बाटल्या एकावर एक रचलेल्या होत्या. तीन चेंडू मारा, सगळ्या पाडा, अस्वल घेऊन जा.

"खालची जड असते," मर्ल लगेच कुजबुजला. "तळाशी शिसं भरतात."

गॅरेट थांबला. बाटल्यांकडे बघत राहिला. मग खिशातून नोट काढून ठेल्यावरच्या पोरीला दिली आणि चेंडू हातात घेतला. खेळण्यातला, हलका चेंडू. त्याने तो दोनदा उडवून झेलला आणि फेकला. चेंडू बाटल्यांच्या हातभर वरून मागच्या पडद्यावर आपटला.

"अरेरे!" ठेल्यावरची पोरगी म्हणाली.

लोर्नाचे पाय आपसूक वळले. तिला कळलंही नाही. चार पावलं गेली असेल, पॉपकॉर्नच्या गाडीपर्यंत, इतक्यात मागून हाक आली.

"आई! कुठे निघालीस?"

ती वळली. तो दुसरा चेंडू हातात धरून उभा होता. गल्लीतले लोक थांबून बघायला लागले होते.

"माझ्यामुळे चुकला," ती म्हणाली.

"चुकला तर चुकला. अस्वल काय करायचंय मला?" त्याने हातातल्या चेंडूने आपल्या शेजारची जागा दाखवली. "इकडे ये. इथे उभी राहा. आणि बघ."

ती आली. अगदी त्याच्या डाव्या हाताशी, फेकायला अडचण होणार नाही इतकं अंतर ठेवून. त्याने माती नसलेल्या फरशीवर पाय घासला, खांदा खाली घेतला. आणि तिला दिसलं: चेंडू सुटायच्या आधी तो जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यात धरतो. नऊ वर्षांचा असताना धरायचा तसंच. अजून धरतो. ही गोष्ट रेडिओने तिला कधी सांगितली नव्हती, मर्लनेही नाही.

दुसऱ्या चेंडूने वरची बाटली उडवली. तिसरा चेंडू खालच्या बाटलीला लागला. ती डुलली, डुलली, आणि उभीच राहिली.

"सांगितलं होतं, शिसं," मर्ल म्हणाला. त्याने खिशात हात घातला. "थांबा, आणखी तीन घेतो."

गॅरेटने आईकडे पाहिलं. लोर्ना जागची हलली नाही.